शीतगृहाच्या जमिनीखालील उष्णतारोधन व तापन : काल्हेर (ता. भिवंडी) परिसराच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : शीतगृह, घन काँक्रीटची जमीन, उष्णतारोधन, बाष्परोधक थर, भूगर्भातील गोठण, काल्हेर

प्रस्तावना

जमिनीखालून उष्णता देऊन खोली उबदार ठेवण्याची कल्पना मुळात थंड प्रदेशातील आहे. प्राचीन रोममध्ये विटांच्या बुटक्या खांबांवर फरशी उचलून धरीत आणि तिच्याखालून भट्टीतील गरम हवा खेळवीत. कोरियातील ‘ओंडोल’ ही पद्धतही याच जातीची होय. आधुनिक युरोपात घन काँक्रीटच्या जमिनीवर प्रथम उष्णतारोधक तक्ते अंथरून त्यांवर गरम पाण्याच्या नळ्या बसविण्याची रीत आता सर्वपरिचित झाली आहे. ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठी, जेथे पौष-माघातील पहाटेही अंगावरची चादर पुरेशी होते, तेथे अशा व्यवस्थेचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणालाही पडावा. तथापि याच पट्ट्यात एका प्रकारच्या इमारतींना जमिनीखालील तापनाची खरीखुरी गरज भासते. या इमारती म्हणजे उणे २० किंवा उणे २५ अंश सेल्सिअस तापमानावर चालणारी शीतगृहे होत.

ज्या खोलीतून उष्णता बाहेर काढण्यासाठी रात्रंदिवस वीज जाळली जाते, तिच्याच जमिनीखाली उष्णता पुरविण्यासाठी पुन्हा वीज जाळावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ही विसंगती केवळ वरवरची असून तिच्यामागे मातीचे व पाण्याचे एक साधे शास्त्र आहे. प्रस्तुत लेखात त्या शास्त्राचा परिचय करून देऊन, काल्हेर परिसरातील गोदामांच्या जमिनीला ते कसे लागू पडते, उष्णतारोधक थर तापनाच्या आधी का विचारात घ्यावा लागतो आणि तो पुरेसा नसल्यास तापनाची व्यवस्था कशी कोलमडते, याचे विवेचन केले आहे.

काल्हेरची भूमी आणि तिच्यावरील गोदामे

ठाण्याहून जुन्या भिवंडी रस्त्याने निघाल्यावर उल्हास नदीच्या खाडीवरील कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी आणि त्यापाठोपाठ काल्हेर ही गावे लागतात. पुढे पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, मानकोली अशी गोदामांची सलग रांग मुंबई–नाशिक महामार्गापर्यंत पसरलेली आहे. भिवंडीची जुनी ओळख यंत्रमागांची असली, तरी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर माल उतरवून ठेवल्यास जकात तत्काळ भरावी लागत नसे, या व्यावहारिक कारणाने या गावांत गोदामांचा व्यवसाय रुजला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपुष्टात आली. परंतु तोपर्यंत महामार्ग, बंदर आणि महानगर यांच्या सान्निध्यामुळे हा पट्टा स्वतःच्या बळावर उभा राहिला होता. भातखाचरांच्या जागी शेड आल्या. कोरड्या मालाच्या शेडबरोबर औषधे, आइस्क्रीम, गोठविलेली मासळी व भाज्या साठविणारी तापमान-नियंत्रित गोदामेही या पट्ट्यात उभी राहिली आहेत.

येथील गोदामाची जमीन कशी बनते, हे प्रथम पाहिले पाहिजे. मूळ भूभाग सखल. खोलवर दख्खनचा काळा पाषाण, त्यावर खाडीलगत चिकट गाळ, अन्यत्र काळी माती व मुरूम. ट्रकच्या हौद्याच्या उंचीला माल चढविता-उतरविता यावा, म्हणून जोते सुमारे चार फूट उचलले जाते. जोत्याच्या आत मुरमाचा भराव, त्यावर दगडांचे सोलिंग, त्यावर पातळ काँक्रीटचा थर आणि शेवटी व्यवहारात ‘ट्रिमिक्स’ म्हणून ओळखली जाणारी, निर्वात यंत्राने जादा पाणी शोषून घोटलेली काँक्रीटची जमीन. कोरड्या मालाला ही रचना उत्तम. तिच्यात उष्णतारोधक थर नसतो, कारण त्याची गरजच नसते. अडचण तेव्हा उद्भवते, जेव्हा याच तयार शेडच्या आत पफ पॅनेलच्या भिंती व छत उभे करून तिचे शीतगृहात रूपांतर केले जाते. भिंतींचा आणि छताचा विचार सर्वजण करतात, कारण ते दिसतात. जमीन आधीपासूनच ‘तयार’ मानली जाते.

काँक्रीट उष्णता अडवीत नाही

काँक्रीट जाड व भक्कम असल्याने ते उष्णताही अडवीत असेल, असा समज बांधकामाशी संबंधित माणसांतही आढळतो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. एखाद्या पदार्थातून उष्णता किती सहज वाहते, याचे माप म्हणजे त्याची उष्णतावाहकता. भरीव काँक्रीटची उष्णतावाहकता दर मीटर-अंशाला सुमारे १.५ वॅट असते. ज्याला बाजारात एक्सपीएस म्हणतात त्या दाबून घडविलेल्या पॉलिस्टायरीनची सुमारे ०.०३, साध्या थर्माकोलची ०.०३५ ते ०.०४, तर पफ अर्थात पॉलियुरेथेन फेसाची सुमारे ०.०२५ असते. जाडीला वाहकतेने भागले असता त्या थराचा उष्णतारोध मिळतो. १५० मि.मी. काँक्रीटचा उष्णतारोध ०.१ येतो आणि तेवढ्याच जाडीच्या एक्सपीएसचा ५. म्हणजे १५० मि.मी. एक्सपीएसचे काम केवळ काँक्रीटकडून करून घ्यावयाचे झाल्यास साडेसात मीटर जाडीचे काँक्रीट ओतावे लागेल.

हा हिशेब पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे. भारतीय मानक संस्थेने शीतगृहांच्या उष्णतारोधनासाठी आयएस ६६१, थर्माकोलच्या जातीच्या पदार्थांसाठी आयएस ४६७१ आणि पॉलियुरेथेन फेसाच्या तक्त्यांसाठी आयएस १२४३६ ही मानके पूर्वीच प्रसिद्ध केलेली आहेत. त्यामुळे मार्गदर्शनाचा अभाव, ही सबब येथे फारशी टिकत नाही.

माती फुगते कशी

पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, हे शालेय ज्ञान आहे. शीतगृहाची जमीन उचलली जाण्याचे कारणही तेच, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु ते अपुरे आहे. एक मीटर खोल ओली माती पूर्णपणे गोठली आणि तिच्यात तीस टक्के पाणी असले, तरी केवळ प्रसरणाने ती फार तर २७ मि.मी. उचलली जाईल. प्रत्यक्षात याहून कितीतरी अधिक उचल झाल्याची उदाहरणे थंड देशांतील रस्त्यांवर व शीतगृहांत नोंदविली गेली आहेत. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९ व १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी याचा उलगडा केला. त्यांनी मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरून ती गोठविली. बेंझिन गोठताना आक्रसते, तरीही माती वर उचलली गेली. याचा अर्थ, उचल केवळ प्रसरणाने होत नसून गोठणाऱ्या थराकडे खालचे द्रव सतत ओढले जाते व तेथे निव्वळ बर्फाच्या भिंगासारख्या चकत्या वाढत जातात, त्यामुळे होते. दिव्याची वात जशी तेल वर खेचते, तशी बारीक कणांची माती भूजल वर खेचते. थंडी आणि पाणी या दोहोंचा पुरवठा असेपर्यंत चकत्यांची वाढ थांबत नाही.

कोणती माती अधिक धोकादायक, याचा एक उपयुक्त निकष आर्थर कासाग्रांदे यांनी १९३० च्या दशकारंभी दिला. मिश्र आकाराच्या कणांच्या मातीत ०.०२ मि.मी. पेक्षा बारीक कण तीन टक्क्यांहून अधिक असतील, तर ती गोठणाने फुगण्याची शक्यता धरावी. स्वच्छ वाळूत छिद्रे मोठी असल्याने ओढ कमी. चिकट गाळात ओढ जास्त, पण पाणी फार सावकाश सरकते. मधल्या, पोयट्यासारख्या मातीत मात्र ओढ व वहन दोन्ही पुरेसे असते. जोत्यात भरला जाणारा मुरूम खाणीगणिक बदलतो. कुजलेल्या काळ्या पाषाणाचा मऊ, पिठूळ मुरूम आला, तर तो या मधल्या गटात सहज मोडू शकतो. चाळणी-चाचणी केल्याखेरीज केवळ रंगावरून त्याचा भरवसा धरता येत नाही.

पाण्याच्या बाबतीत काल्हेरची परिस्थिती आणखी प्रतिकूल आहे. या पट्ट्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतांशी चार महिन्यांत. शिवाय खाडीच्या सान्निध्यामुळे भूजल जमिनीपासून फार खाली जात नाही. खाडीचे पाणी खारे असल्याने ते गोठणार नाही, असाही एक युक्तिवाद केला जातो. तथापि अस्सल समुद्राचे पाणीसुद्धा उणे १.९ अंशांच्या सुमारास गोठू लागते. उणे २० अंशांच्या खोलीसमोर ही सवलत नगण्य आहे.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक ठरते. बटाटा, फळे वा दूध यांसाठी शून्याच्या वरच्या तापमानावर चालणाऱ्या शीतगृहांना गोठणाचा धोका नाही. त्यांच्या जमिनीत उष्णतारोधन हवे ते विजेच्या बचतीसाठी; तापन नको. प्रस्तुत विवेचन शून्याखालील खोल्यांपुरतेच आहे.

विलंबाने दिसणारे नुकसान

उष्ण प्रदेशातील माती मुळातच उबदार असते, मग ती गोठेलच कशी, हा प्रश्न रास्त आहे. काही मीटर खोलीवर मातीचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर, म्हणजे हवेच्या वार्षिक सरासरीइतके, येथे सुमारे २७ अंश राहते. ओल्या मातीची उष्णतावाहकता १.५ धरून आणि दहा मीटर खोलीवर भूजलामुळे २७ अंश टिकून राहतात असे मानून एक ढोबळ हिशेब मांडता येतो. खोलीचे तापमान उणे २० आणि जमिनीत १५० मि.मी. एक्सपीएस असेल, तर तक्त्याखालील मातीचे अंतिम तापमान शून्याच्या काठावर, जेमतेम वर येते. ७५ मि.मी. तक्ता असेल, तर तेच उणे ७ अंशांवर जाते आणि सुमारे दोन मीटर खोलीपर्यंत माती गोठते. खोली उणे २५ अंशांवर चालविली, तर १५० मि.मी. तक्ता असूनही जवळपास एक मीटर माती शून्याखाली जाते.

या हिशेबात दहा मीटरवरील माती कायम उबदार राहील, असे उदारपणे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात शेड जितकी रुंद, तितकी तिच्या मध्यभागाखालील माती बाहेरील उष्णतेपासून दूर पडते आणि वर्षानुवर्षे हळूहळू निवत जाते. म्हणूनच नुकसान प्रथम मध्यभागी दिसते, कडेला नव्हे.

मात्र याहून महत्त्वाचा मुद्दा काळाचा आहे. २७ अंशांची माती निवून तक्त्याखाली शून्यावर येण्यास किती काळ लागेल, याचाही अंदाज त्याच आकड्यांवरून काढता येतो. उष्णतारोधन नसलेली जमीन काही दिवसांतच तेथे पोहोचते. ७५ मि.मी. तक्ता असल्यास साधारण नऊ महिने लागतात. खालच्या भूजलाचा आधार मिळाला नाही, तर १५० मि.मी. तक्त्याखालीही सुमारे तीन वर्षांत तेच घडते. जाडी दुप्पट केली की काळ चौपट होतो. परंतु धोका नाहीसा होत नाही. उष्णतारोधक थर उष्णतेची गळती मंदावतो, थांबवीत नाही. तापनाची गरज येथून सुरू होते.

या कालावधीचा व्यवहाराशी असलेला संबंध दुर्लक्षिण्यासारखा नाही. गोदामाचा मालक बहुधा स्थानिक भूधारक असतो. तो शेड आणि जमीन देतो. पॅनेल, यंत्रे, रॅक ही भाडेकरू कंपनीची. करार तीन वा पाच वर्षांचा. पातळ तक्ता टाकून आणि तापन वगळून वाचविलेला खर्च पहिल्या वर्षी भाडेकरूच्या हिशेबात दिसतो. उचललेली जमीन मात्र बहुधा करार संपताना वा पुढील भाडेकरूच्या काळात दिसू लागते. तोवर मूळ ठेकेदार व कधीकधी मूळ कंपनीही तेथे नसते. मालकाच्या हाती उरते ती मध्यभागी फुगलेली, भेगाळलेली आणि खाली बर्फ धरून बसलेली जमीन. यंत्रे बंद केल्यावर ती माती वितळते तेव्हा साठलेले जादा पाणी मोकळे होऊन जमीन असमान खचते. म्हणजे नुकसान दोनदा होते.

त्या जमिनीवर काम करणाऱ्यांचा विचार तर याआधी करावयास हवा. दहा-बारा मीटर उंचीच्या रॅकच्या तळाशी काही मिलिमीटरांचा फरक पडला, तर माथ्याशी तो कित्येक पट होतो. उंच मास्टचा फोर्कलिफ्ट उचललेल्या पॅलेटसह अशा उतारावर आला की चालकाच्या कौशल्यावर भिस्त ठेवण्यापलीकडे उपाय उरत नाही.

थरांचा क्रम

घरगुती तापनात आणि शीतगृहाच्या तापनात थरांचा क्रम नेमका उलट असतो. हा फरक न समजल्याने अनेक घोटाळे संभवतात. युरोपातील घरात उष्णता वर खोलीत हवी असते, म्हणून तळाशी काँक्रीट, त्यावर उष्णतारोधक तक्ते, त्यावर नळ्या व शेवटी वरचा काँक्रीटचा थर असतो. शीतगृहात उष्णता मातीला हवी, खोलीला नको. म्हणून तापनाच्या तारा वा नळ्या तळाच्या थरात, त्यावर बाष्परोधक थर, त्यावर उष्णतारोधक तक्ते आणि सर्वांत वर वापराची सळईयुक्त काँक्रीटची जमीन, असा क्रम लागतो. दोन्ही ठिकाणी उष्णतारोधनाचे काम एकच, तापनाला भलत्या दिशेने जाऊ न देणे.

तापनाचा स्तर ५ अंशांवर राखावयाचा आणि वरची खोली उणे २० अंशांवर आहे, असे धरल्यास फरक २५ अंशांचा होतो. मध्ये १५० मि.मी. एक्सपीएस असेल, तर दर चौरस मीटरमागे ५ वॅट उष्णता वर जाते. मध्ये केवळ १५० मि.मी. काँक्रीट असेल, तर हीच संख्या गणिताने २५० वॅटवर पोहोचते. अशा जमिनीखाली तारा टाकणे म्हणजे एकीकडे बंब पेटवून दुसरीकडे बर्फ करण्याचा प्रकार होय. म्हणूनच उष्णतारोधन नसलेल्या जमिनीला तापनाने वाचविता येत नाही.

बाष्परोधक थराचे स्थान हा स्वतंत्र व बहुधा सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. २७ अंशांच्या ओल्या मातीतील बाष्पाचा दाब सुमारे ३,५०० पास्कल असतो. उणे २० अंशांच्या बर्फावरील दाब सुमारे १०० पास्कल. या पस्तीसपट फरकामुळे बाष्प अहोरात्र खालून वर, थंड बाजूकडे ढकलले जाते. त्याला वाटेत अडविले नाही, तर ते तक्त्याच्या सांध्यांत व छिद्रांत शिरून गोठते. बर्फाची उष्णतावाहकता सुमारे २.२, म्हणजे काँक्रीटपेक्षाही अधिक. ज्या तक्त्यात बर्फ भरला, तो तक्ता राहिला नाही असेच समजावे. यास्तव रोधक थर उबदार बाजूला, म्हणजे तक्त्यांच्या खालीच हवा. डांबरी फेल्ट वा जाड पॉलिथिनचे पट्टे पुरेसे एकमेकांवर चढवून, सांधे चिकटवून, कडेला भिंतीच्या पॅनेलच्या बाहेरील बाष्परोधकाशी अखंड जोडले गेले पाहिजेत. तक्त्यांच्या वर अंथरले जाणारे पॉलिथिन काँक्रीटचा रस सांध्यांत उतरू नये म्हणून असते. त्याने खालच्या थराचे काम होत नाही.

तक्ते एकाच जाड थरात न घालता दोन वा तीन थरांत, खालच्या थराचे सांधे वरच्या थराने झाकले जातील असे घालावेत. शेडचे खांब, कडेच्या भिंती व दरवाज्याचे उंबरे येथे काँक्रीट वा लोखंड थेट मातीपर्यंत जात असल्याने थंडी त्या वाटेने उतरते. खांबांना भोवती व काही उंचीपर्यंत उष्णतारोधक आवरण द्यावे लागते.

भार आणि तक्त्याची ताकद

फेसाचा तक्ता अवजड भाराखाली दबेल, ही भीती अनाठायी नाही. रॅकच्या एका पायावर पाच टन भार आहे आणि पायाची पट्टी १५० मि.मी. चौरस आहे, असे समजू. १५० मि.मी. जाडीच्या काँक्रीटमधून हा भार तिरकस पसरत तक्त्यापर्यंत पोहोचेपर्यंत ४५० मि.मी. चौरसावर विभागला जातो व दाब सुमारे २५० किलोपास्कल येतो. एक्सपीएसच्या तक्त्यावर ३०० किलोपास्कलची ताकद लिहिलेली असली, तरी ती अल्पकालीन चाचणीतील, दहा टक्के दबेपर्यंतची असते. वर्षानुवर्षे टिकणाऱ्या भारासाठी तिच्या निम्म्याहूनही कमी, १३० च्या आसपास धरणे योग्य. म्हणजे वरील रचना अपुरी ठरते. काँक्रीटची जाडी २५० मि.मी. केली, तर दाब ११८ पर्यंत उतरतो. हा हिशेब ढोबळ आहे. प्रत्यक्ष संकल्पन संरचना अभियंत्यानेच करावयाचे. पण ‘तीनशेचा तक्ता आहे, चालेल’ या ठेकेदारी आश्वासनाची किंमत त्यावरून कळावी. साधा हलक्या घनतेचा थर्माकोल तर येथे विचारातही घेऊ नये.

तापन कोणते व किती

तापनाचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पहिला विजेच्या तापक तारांचा. दुसरा गरम ग्लायकोल-मिश्रित पाणी फिरविणाऱ्या नळ्यांचा, ज्यात शीतयंत्राच्या कॉम्प्रेसरने बाहेर फेकलेलीच उष्णता वापरता येते. तिसरा जमिनीखालून दोन्ही बाजूंना उघड्या राहणाऱ्या पाइपांतून बाहेरची हवा खेळविण्याचा. तिसरा प्रकार उष्ण हवामानात फुकटचा वाटतो, आणि उंच जोत्याच्या कोरड्या जागी तो योग्यही आहे. काल्हेरसारख्या ठिकाणी मात्र पावसाळी हवेतील बाष्प थंड पाइपात द्रवून साचते, उंदीर घुशी आत शिरतात आणि २६ जुलै २००५ सारखा पूर आल्यास पाइप गाळाने भरतात. पुरेसा उतार, दोन्ही तोंडांना जाळी आणि पूररेषेच्या वरची पातळी या तीन गोष्टी जमत नसतील, तर या पद्धतीच्या वाटेस जाऊ नये. मोठ्या शीतगृहांसाठी दुसरी पद्धत अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण ती टाकाऊ उष्णतेवर चालते.

विजेच्या तारांचा खर्च उष्णतारोधनावर कसा अवलंबून असतो, हेही पाहण्यासारखे आहे. एक हजार चौरस मीटरच्या खोलीत १५० मि.मी. तक्ता असेल, तर वर जाणाऱ्या ५ किलोवॅटपैकी सुमारे ३.३ किलोवॅट खालची मातीच पुरविते; तारांनी भरून काढावयाची तूट १.७ किलोवॅटची, म्हणजे वर्षाला सुमारे १५ हजार युनिटची राहते. तक्ता ७५ मि.मी. असेल, तर वर १० किलोवॅट जातात, मातीचा वाटा तोच राहतो आणि तूट ६.७ किलोवॅट, म्हणजे वर्षाला ५८ हजारांहून अधिक युनिट होते. तक्ता निम्मा केला की तापनाचा खर्च जवळपास चौपट होतो, आणि खोलीत शिरलेली ती उष्णता बाहेर काढण्याचा शीतयंत्राचा खर्च वेगळाच. प्रत्यक्षात माती अधिक निवण्याची व काही तारा निकामी होण्याची शक्यता धरून दर चौरस मीटरला १० ते २० वॅट क्षमता बसविली जाते व तापनियंत्रकाने ती गरजेपुरती चालविली जाते.

तारा काँक्रीटमध्ये थेट गाडण्यापेक्षा नळीतून ओवाव्यात, म्हणजे तुटल्यास ओढून बदलता येतात. शेजारी दुसरी राखीव फेरी असावी. तापमापकही अशाच नळ्यांतून मध्यभागी, कडेला व दरवाज्याजवळ असे निदान तीन ठिकाणी ठेवावेत.

आधीच असलेली जमीन

तयार गोदामाचे रूपांतर करताना जुन्या जमिनीवरच नवे थर चढविणे हा सर्वांत सोपा मार्ग. जुनी ट्रिमिक्स जमीन भक्कम असेल, तर ती पायथ्याचे काम उत्तम करते. तापनाच्या तारांचा ७५ मि.मी. थर, १५० मि.मी. तक्ते व किमान १५० मि.मी. काँक्रीट धरले, तरी जमीन ३७५ मि.मी. वर येते, रॅकच्या भारासाठी काँक्रीट वाढविल्यास जवळपास अर्धा मीटर. चार फुटांचे जोते मग ट्रकच्या हौद्याशी जुळत नाही, आतली उंची घटते, रॅकचा एक मजला कमी होतो. सवंग तडजोडीचा मोह नेमका येथे होतो. आधी तापनाचा थर वगळला जातो, मग तक्ता पातळ केला जातो, आणि अखेर भिंतीचेच पफ पॅनेल आडवे टाकून त्यावर प्लायवुड व नक्षीदार लोखंडी पत्रा ठोकला जातो. हातगाडीने माल नेण्याच्या छोट्या खोलीला हा शेवटचा प्रकार चालू शकेल. फोर्कलिफ्टच्या जमिनीला नाही.

दुसरा मार्ग जुनी जमीन फोडून, भराव खोदून मूळ पातळी राखण्याचा. तो महाग व धुळीचा आहे, पण त्यात एक लाभ असा की जोत्यातील मुरूम डोळ्यांनी पाहता येतो, चाळणीतून तपासता येतो आणि तो पिठूळ निघाल्यास काढून त्याजागी खडीचा थर देता येतो. खडीच्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी वर चढत नाही. यंत्रांवर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत हे खोदकाम क्षुल्लक असते, तरी ते टाळण्याकडेच कल असतो, ही खेदाची बाब होय.

जमीन फुगलेली आढळल्यास घाईने यंत्रे बंद करून ती वितळविणे हा उपाय नव्हे. आधी रॅक मोकळे करणे, मग जमिनीत भोके घेऊन खालचे तापमान व बर्फाची खोली मोजणे, नंतर भोकांतून कोमट ग्लायकोल फिरवून कित्येक महिने सावकाश उष्णता देणे आणि निचऱ्याची वाट करून देणे, असा क्रम पाळावा लागतो.

भाडेकराराच्या संदर्भात यातून एक साधी तरतूद सुचविता येईल. शून्याखालील वापरासाठी शेड देताना मालकाने तक्त्याची जात व जाडी, बाष्परोधकाची जागा आणि तापनाच्या फेऱ्यांचा नकाशा काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या छायाचित्रांसह मागून घ्यावा, आणि जमिनीखालील तापमापकांच्या मासिक नोंदींची वही करारातच बंधनकारक करावी. मध्यभागीच्या मापकाचा आकडा सलग काही महिने घसरत ३ अंशांखाली आला, तर तारा तुटल्या आहेत किंवा तक्ता भिजला आहे. जमिनीवर पहिली भेग दिसण्याच्या बरेच महिने आधी हा आकडा वहीत उमटलेला असतो.